राजाला बाजार दाखवू नका

बेसबॉलच्या जगात एक वचन हमखास ऐकू येतं: खेळाडू विकायचाच असेल तर एक वर्ष उशिरा विकण्यापेक्षा एक वर्ष आधी विकावा. ब्रँच रिकी या जुन्या संघव्यवस्थापकाच्या नावावर ते सांगितलं जातं. संघ हरत असला, गुणतक्त्याच्या तळाशी गेला असला आणि त्याच्याकडे तिशी ओलांडलेला एक नामवंत पिचर असला, की हे वचन पुढे येतंच. त्याच्या हातात जोर आहे तोवर त्याला एखाद्या जिंकणाऱ्या संघाला देऊन टाका, बदल्यात विशीतली तीन-चार होतकरू पोरं घ्या, चार वर्षं कळ काढा, संघ नव्याने उभा राहील. हे बोलणारा शहाणा ठरतो आणि त्याला विरोध करणारा हळवा. मी सिएटलच्या परिसरात राहते. इथल्या मॅरिनर्स संघाची हार बघण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. 'फेलिक्सला वेळीच विकायला हवं होतं' हे वाक्य मी ऑफिसात ऐकलं, शेजाऱ्यांकडून ऐकलं, गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत आपल्याच माणसांकडूनही ऐकलं. ते चूक आहे, आणि ते चूक आहे हे मला हिशेबानेच दाखवायचं आहे.

क्रिकेटवर वाढलेल्या वाचकासाठी थोडं सांगायला हवं. पिचर म्हणजे आपला गोलंदाज; पण सामना सुरू करणारा पिचर सहा-सात डाव एकटाच चेंडू टाकतो आणि मग पुढचे चार दिवस विश्रांती घेतो. वर्षाला १६२ सामने असतात, त्यांतले तीसेक त्याच्या वाट्याला येतात. बाकीच्या दिवशी त्याला संघासाठी मैदानावर काही करता येत नाही. आणि ट्रेड म्हणजे एका संघाने आपला खेळाडू दुसऱ्याला देऊन त्याच्याकडचे खेळाडू घेणं. यात खेळाडूचं गाव बदलतं, मुलांची शाळा बदलते आणि बहुतेकांना याबद्दल कुणी विचारतही नाही. आयपीएलमुळे ही गोष्ट आता आपल्याकडेही आली आहे. २०२४ मध्ये वानखेडेवर हार्दिक पांड्याची जी हुर्यो उडाली ती ज्यांनी ऐकली असेल, त्यांना मैदानात बसणारा माणूस खेळाडूला मालमत्ता समजत नाही हे वेगळं सांगायला नको.

फेलिक्स हर्नांडेझ व्हेनेझुएलातल्या वॅलेन्सिया शहराचा. मॅरिनर्सने त्याला सोळाव्या वर्षी करारात बांधलं आणि ४ ऑगस्ट २००५ ला, एकोणीस वर्षांचा असताना, तो पहिला सामना खेळला. पुढची पंधरा वर्षं तो याच संघात होता. लोक त्याला किंग म्हणायचे. २०११ पासून डाव्या बाजूच्या १५० क्रमांकाच्या विभागात त्याचा दरबार भरायला लागला. सगळे पिवळ्या टीशर्टात, हातात फलंदाज बाद झाला की उंचावायचे फलक. १५ ऑगस्ट २०१२ ला त्याने टॅम्पा बेविरुद्ध परफेक्ट गेम टाकला: सत्तावीस फलंदाज आले आणि सत्तावीस परत गेले, एकही पहिल्या तळापर्यंत पोहोचला नाही. सामना सिएटलने १-० असा जिंकला. त्यातल्या एक या आकड्याकडे जरा बघा, कारण या सगळ्या वादाचं मूळ तिथेच आहे.

२०१० मध्ये फेलिक्सला सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळाला. नऊ डावांमागे त्याने सरासरी २.२७ धावा दिल्या. तरी त्याच्या नावावर विजय लागले १३ आणि पराभव १२. कारण त्या वर्षी मॅरिनर्सच्या फलंदाजांनी १६२ सामन्यांत फक्त ५१३ धावा केल्या. अमेरिकन लीगमध्ये पिचरच्या जागी दुसऱ्या फलंदाजाला उतरवायची मुभा १९७३ मध्ये आली. तेव्हापासूनच्या पूर्ण हंगामांत इतक्या कमी धावा कुणीच केल्या नव्हत्या. संघ १०१ सामने हरला. आता मला सांगा, या संघाचा रोग कोणता? घराला आग लागली आहे फलंदाजीच्या खोलीत आणि तुम्ही बंब घेऊन निघालात पिचरच्या खोलीकडे. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. फेलिक्सला ठेवलं म्हणून मॅरिनर्स हरले असं म्हणणाऱ्याने आधी त्या ५१३ धावांचा खुलासा करावा. २००१ नंतर हा संघ थेट २०२२ मध्ये प्लेऑफमध्ये गेला, आणि मधल्या वीस हंगामांतले पाच फेलिक्स यायच्या आधीचे किंवा गेल्यानंतरचे आहेत.

आणि 'वेळीच' म्हणजे नेमकं कधी? हा प्रश्न विचारला की समोरचा माणूस थोडा थांबतो. फेब्रुवारी २०१३ मध्ये फेलिक्सने सात वर्षांचा १७.५ कोटी डॉलरचा करार केला. पत्रकारांसमोर बसलेला तो सव्वीस वर्षांचा मुलगा तेव्हा रडला होता. राहायला मिळतंय याचा आनंद होता तो. त्या वर्षी विकायचं म्हणता? शाई वाळायच्या आत? २०१४ मध्ये त्याची सरासरी २.१४ होती आणि संघाचं प्लेऑफ एका विजयाने हुकलं. त्या वर्षी विकलं असतं तर ८७ सामने जिंकलेल्या संघाचा आधारखांब काढून नेल्याबद्दल याच लोकांनी व्यवस्थापनाला फाडून खाल्लं असतं. २०१५ मध्ये तो १८ सामने जिंकला. २०१६ मध्ये संघाने ८६ सामने जिंकले. २०१७ मध्ये खांदा आणि वेग दोन्ही उतरणीला लागले आणि तेव्हा त्याच्यासाठी कुणी काही देणार नव्हतं. विकण्याचं योग्य वर्ष आज बसून सांगता येतं, तेव्हा ते कुणालाच दिसलं नव्हतं. उत्तरपत्रिका तपासून झाल्यावर उत्तर सांगणाऱ्याला मी हिशेबी म्हणणार नाही.

मागाहून दिसणाऱ्या गोष्टींबद्दलच बोलायचं तर एक जोडी मला फार बोलकी वाटते. फेलिक्सच्या करारानंतर महिना-दीड महिन्यातच डेट्रॉइट टायगर्सने जस्टिन व्हरलँडरशी सात वर्षांचा १८ कोटींचा करार केला. व्हरलँडर तेव्हा तीस वर्षांचा होता, फेलिक्सपेक्षा तीन वर्षांनी मोठा. वय मोजून पैज लावणाऱ्या कुणीही फेलिक्सवरच लावली असती. घडलं काय? ऑगस्ट २०१८ मध्ये बत्तिसाव्या वर्षी फेलिक्सला सामना सुरू करण्यापासून काढून बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचरांत, बसवलं गेलं. आणि व्हरलँडर, ज्याची सरासरी २०१४ मध्ये ४.५४ वर गेली होती आणि जो संपला असं सगळ्यांनी ठरवलं होतं, त्याने २०२२ मध्ये एकोणचाळिसाव्या वर्षी १८ विजय, ४ पराभव आणि १.७५ ची सरासरी अशी कामगिरी करून साय यंग मिळवला. तेही कोपराची शस्त्रक्रिया होऊन एक अख्खं वर्ष गेल्यानंतर. पिचरच्या हाताचं वय जन्मतारखेवरून कळत नाही. मग 'एक वर्ष आधी' या वचनातलं ते एक वर्ष कशाच्या आधीचं मोजायचं?

व्हरलँडरचं नाव निघालं की समोरून उत्तर येतंच: अहो, डेट्रॉइटने त्याला विकलाच की! हो, विकला. ३१ ऑगस्ट २०१७ च्या रात्री, मुदत संपायला क्षणच उरले असताना, तो ह्यूस्टनला गेला. पण या व्यवहाराच्या दोन्ही बाजू बघू. ह्यूस्टनला मिळालं ते असं: व्हरलँडरने उरलेले पाचही सामने जिंकले, सरासरी १.०६, मग लीगच्या अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू तो, आणि त्याच शरद ऋतूत वर्ल्ड सीरीज, म्हणजे बेसबॉलचं विजेतेपद. नंतर आणखी एक वर्ल्ड सीरीज, दोन साय यंग. डेट्रॉइटला मिळाली तीन पोरं. त्यांतला सगळ्यात मोठ्या अपेक्षेचा, फ्रँकलिन पेरेझ नावाचा पिचर, दुखापतींत असा अडकला की डेट्रॉइटसाठी मेजर लीगमध्ये त्याने एकही चेंडू टाकला नाही. डॅझ कॅमेरॉन थोडे सामने खेळला आणि दुसरीकडे गेला. जेक रॉजर्स चांगला कॅचर झाला, त्याचं श्रेय देते. वर डेट्रॉइटने व्हरलँडरच्या पगाराचा काही भार स्वतःकडेच ठेवला. २०१९ मध्ये हा संघ ११४ सामने हरला. तो पुन्हा प्लेऑफमध्ये गेला २०२४ मध्ये, सात वर्षांनी, आणि गेला तो मुख्यतः टॅरिक स्कुबलच्या हातावर. स्कुबल काही कुणाच्या बदल्यात आला नव्हता. २०१८ च्या निवडीत नवव्या फेरीपर्यंत शिल्लक राहिलेला, आमच्या सिएटल युनिव्हर्सिटीतला मुलगा होता तो. डोळे उघडे ठेवून मुलं हेरणं आणि त्यांना घडवणं हे काम त्यांनी केलं, आणि ते काम व्हरलँडरला ठेवूनही करता आलं असतं.

होतकरू हा शब्द आम्ही फार सैल वापरतो. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाचा खांदा पुढच्या पाच वर्षांत काय करेल, हे त्याची आईही सांगू शकत नाही. पण ट्रेडच्या दिवशी अशा मुलांची नावं यादीत छापून येतात, त्यांना क्रमांक दिलेले असतात, आणि तेवढ्यावर लोक २०३० चा संघ उभा करायला लागतात. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. माझ्याशी वाद घालणारे एक सद्गृहस्थ नेहमी जॉन स्मोल्ट्झचं उदाहरण देतात. ऑगस्ट १९८७ मध्ये अटलांटाने छत्तीस वर्षांचा डॉयल अलेक्झांडर डेट्रॉइटला दिला आणि वीस वर्षांचा स्मोल्ट्झ घेतला, जो पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला. गोष्ट खरी आहे. पण तिला इतकी वर्षं झाली तरी तीच सांगावी लागते. रोज घडणारी गोष्ट असती तर गेल्या दहा वर्षांतली चार ताजी नावं तोंडावर आली असती. आणि त्याच गोष्टीतला म्हातारा अलेक्झांडर डेट्रॉइटला जाऊन नऊ सामने जिंकला, एकही हरला नाही, हे सांगायचं मात्र राहून जातं.

आता माझ्या बाजूला सगळ्यात अवघड जाणारं उदाहरण. ते सिएटलचंच आहे आणि ते टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. ३१ जुलै १९९८. मॅरिनर्सने चौतीस वर्षांच्या रँडी जॉन्सनला ह्यूस्टनला दिलं. पाठीचं ऑपरेशन झालेला, वय वाढलेला पिचर, करार संपत आलेला; मालकांना त्याला नवा करार द्यायचा नव्हता. बदल्यात आले फ्रेडी गार्सिया, कार्लोस गियेन आणि जॉन हलामा. आणि २००१ मध्ये याच गार्सिया आणि गियेनला घेऊन मॅरिनर्सने ११६ सामने जिंकले, जो एका हंगामातल्या विजयांचा बरोबरीचा विक्रम आहे. ट्रेडच्या बाजूने याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. मी तो मान्य करते. तिन्ही मुलं कामाची निघाली.

पण गोष्ट पुढे वाचा. त्या ११६ विजयांच्या संघाला २००१ च्या लीग अंतिम फेरीत न्यूयॉर्क यँकीजने पाच सामन्यांत घरी पाठवलं. त्याच यँकीजना त्यानंतर वर्ल्ड सीरीजमध्ये ॲरिझोनाने हरवलं, आणि त्या मालिकेतले तीन विजय एकट्या रँडी जॉन्सनचे होते. वय झालं, पाठ गेली म्हणून सिएटलने ज्याला काढलं, त्याने १९९९ ते २००२ असे सलग चार साय यंग घेतले. चाळिसाव्या वर्षी परफेक्ट गेम टाकला. कारकीर्द संपवली ३०३ विजयांवर. सिएटलला हवं होतं ते त्या शरद ऋतूत जॉन्सनच्याच हातात होतं, आणि तो हात दुसऱ्या गावात होता. २०२५ संपेपर्यंत मॅरिनर्स एकदाही वर्ल्ड सीरीज खेळलेले नाहीत. सगळ्यात यशस्वी म्हणून जो ट्रेड माझ्यासमोर ठेवला जातो, त्याचा ताळेबंद हा असा आहे.

याच संदर्भात एक गोष्ट मला मनापासून लागते. १९९५ मध्ये हा संघ सिएटल सोडून जाईल की काय अशी स्थिती होती. नव्या मैदानासाठी कर लावायचा प्रस्ताव सप्टेंबरमध्ये मतदारांनी थोडक्यात फेटाळला होता. तेव्हा या संघाने असा काही खेळ केला की सगळं शहर वेडं झालं. २ ऑक्टोबरला एंजल्सविरुद्धचा निर्णायक सामना जॉन्सनने जिंकून दिला. ८ ऑक्टोबरला यँकीजविरुद्ध तोच जॉन्सन फक्त एका दिवसाच्या विश्रांतीवर नवव्या डावात पुन्हा मैदानात आला आणि अकराव्या डावात एडगर मार्टिनेझच्या फटक्यावर सिएटलने मालिका जिंकली. त्याच महिन्यात राज्याच्या विधिमंडळाने खास अधिवेशन घेऊन मैदानाचा पैसा मंजूर केला. मैदानाला ५१ कोटी डॉलरहून जास्त खर्च आला आणि त्यातला मोठा वाटा जनतेच्या करातून गेला. किंग काउंटीत हॉटेलात जेवणारा प्रत्येकजण वर्षानुवर्षं बिलावर अर्धा टक्का जास्त भरत होता. त्यात डोसा खायला गेलेली आपली मंडळीही आली. मैदान उघडलं जुलै १९९९ मध्ये. ज्याच्या हातामुळे ते उभं राहिलं, त्या जॉन्सनने मॅरिनर्सचा पोशाख घालून तिथे एकही चेंडू टाकला नाही. त्याला जाऊन वर्ष झालं होतं. 'संघ हा धंदा आहे, धंद्यात भावना नको' असं मला सांगणाऱ्यांनी सांगावं, धंद्यात भांडवल घालणाऱ्या भागीदाराला काही म्हणणं असतं की नसतं? गाव पैसे देतं तेव्हा ते भागीदार, आणि खेळाडूचा प्रश्न येतो तेव्हा ते नुसतं प्रेक्षक, हा हिशेब मला मान्य नाही.

रिकींच्या वचनाकडे परत येते. रिकी मोठा माणूस होता. जॅकी रॉबिन्सनला मेजर लीगमध्ये आणून त्यांनी या खेळातली वर्णभेदाची भिंत पाडली, त्याबद्दल त्यांच्यापुढे हात जोडते. पण खेळाडू आधी विकण्याचं शहाणपण ज्या काळातलं आहे, तो काळही बघायला हवा. तेव्हा करारात असं कलम असायचं की संघ सोडणार नाही तोवर खेळाडू आयुष्यभर त्याच संघाचा. १९३८ मध्ये रिकींच्या सेंट लुइस कार्डिनल्सने डिझी डीनला शिकागोला विकलं, १,८५,००० डॉलर आणि तीन खेळाडूंच्या बदल्यात. आदल्या वर्षी पायाचं बोट मोडल्यावर तो तसाच खेळत राहिला आणि त्यात हात गमावून बसला होता. वय अवघं २८. गावाकडे म्हातारा बैल बाजाराला नेतात, तसा हा व्यवहार. तोही नेताना ज्याचा हात दोरीवर थरथरत नाही, त्या शेतकऱ्याबद्दल लोक चांगलं बोलत नाहीत.

त्याच कार्डिनल्समध्ये पुढे कर्ट फ्लड होता. पिचर नव्हता तो, मधल्या मैदानात उभा राहायचा. बारा हंगाम या संघासाठी खेळला. १९६९ मध्ये त्याला न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. त्याने जायला नकार दिला. बेसबॉलचे आयुक्त बोवी क्यून यांना पत्र लिहून कळवलं की मी विकण्या-घेण्याची वस्तू नाही. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७२ मध्ये तो हरला. कारकीर्द तिथेच बुडाली. पण १९७३ च्या करारात खेळाडूंना एक हक्क मिळाला: ज्याने मेजर लीगमध्ये दहा वर्षं काढली आहेत आणि त्यांतली शेवटची पाच एकाच संघात, त्याला त्याच्या संमतीशिवाय ट्रेड करता येत नाही. म्हणजे एका गावात काढलेल्या वर्षांना किंमत आहे हे खुद्द बेसबॉलने लिहून दिलेलं आहे. व्हरलँडरला डेट्रॉइटहून जाता आलं, कारण त्याने हो म्हटलं. आपल्या वादात हा हो फारसा कुणाच्या लक्षात येत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. संघ हरतोय म्हणून ट्रेड करायचा नाही. पिचर स्वतः येऊन म्हणाला, माझी दोन-तीन वर्षं उरली आहेत, मला वर्ल्ड सीरीज खेळायची आहे, मला जाऊ द्या, तर दार उघडायचं, आणि त्याला जिथे जायचंय तिथे मानाने पाठवायचं. जेमी मोयर असाच गेला. २००३ मध्ये चाळिसाव्या वर्षी त्याने मॅरिनर्ससाठी २१ सामने जिंकले. २००६ मध्ये तो स्वतःच्या संमतीने फिलाडेल्फियाला, म्हणजे जवळजवळ घरी गेला आणि दोन वर्षांनी वर्ल्ड सीरीज जिंकला. त्याच्याबद्दल सिएटलमध्ये कुणाच्या मनात कडवटपणा नाही. आणि एक बघा: २००५ मध्ये एकोणीस वर्षांचा फेलिक्स जेव्हा या संघात आला, तेव्हा त्याच संघात बेचाळीस वर्षांचा मोयर अजून सामने जिंकत होता. वेग गेल्यावर डोक्याने कसं टाकायचं हे त्या पोराला रोज डोळ्यांसमोर बघायला मिळत होतं. विशीतली पोरं आणून संघ घडत असेल, तर त्यांना कुणीतरी घडवायलाही लागतं.

फेलिक्सने कधी जायला मागितलं नाही. २०१० मध्ये आणि २०१३ मध्ये, दोनदा त्याने हाच संघ निवडला, तोही संघाची अवस्था पुरती माहीत असताना. शेवटच्या दोन वर्षांत त्याची सरासरी ५.५५ आणि ६.४० झाली. पैसे वाया गेले असं ज्यांना वाटतं त्यांना मी ते आकडे नाकारत नाही. पण २६ सप्टेंबर २०१९ ला ओकलंडविरुद्धच्या त्याच्या शेवटच्या सामन्याला मी मैदानात होते. संघ कुठल्याच शर्यतीत नव्हता. दरबार मात्र पिवळा झाला होता, आणि पिवळा रंग १५० क्रमांकाच्या विभागाबाहेरही दूरवर पसरला होता. सहाव्या डावात त्याला बाहेर बोलावलं तेव्हा सगळं मैदान उभं राहिलं. तो रडत होता. माझ्या पुढच्या रांगेत दहा-बारा वर्षांची एक मुलगी बाबांच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती, दुसऱ्या हातात फलक. सिएटल तो सामना हरलं. लोक तरीही बराच वेळ उठले नाहीत.